बाज सोडा, वाट धरा





लागण, खोडवा, खत, पाणी यांविषयी या पानांवर जाणकार मंडळी नेहमी लिहितात, आणि ते आपण आवडीनं वाचतो. आज मला ऊस पिकवणाऱ्या माणसाविषयी लिहायचं आहे. त्यातही ज्याच्या अंगावरून वारं गेलं आहे, ज्याला लकवा मारला आहे, अशा माणसाविषयी.

आपल्या कोणत्याही गावात असं घर शोधायला फार फिरावं लागत नाही. सोप्यात बाज टाकलेली असते आणि बाजेवर एक कर्ता माणूस आढ्याकडं बघत पडलेला असतो. कालपर्यंत हा गडी पाण्याची पाळी धरायला रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन निघायचा. एके दिवशी तोंड वाकडं झालं, हात-पाय गळाला, दवाखान्यात आठ-दहा दिवस काढले, जीव वाचला. घरी आणल्यावर पाव्हणे-रावळे भेटून गेले. कुणी तेल सांगितलं, कुणी कबुतराचं रक्त सांगितलं, कुणी लांबच्या गावच्या वैदूचा पत्ता दिला. महिना-दोन महिने चोळून झालं. हात थोडा हलू लागला, काठीच्या आधारानं मोरीपर्यंत जाता येऊ लागलं, आणि तिथंच सगळं थांबलं. "आता जेवढं आलं तेवढंच म्हणायचं," असं आधी घरचे म्हणाले आणि मग तोही म्हणू लागला.

माझं म्हणणं असं, की हे थांबणं चुकीचं आहे. माणसाला बाजेवर जपून ठेवण्यात माया असते खरी, पण त्या मायेनं त्याचं नुकसान होतं. रोजच्या गोळ्या तर चालू हव्यातच. पण त्यांच्या जोडीला त्याला चालवायला हवं, आणि तेही नुसतं मोरीपर्यंत नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्यानं, बेतानं, पण दम लागेल इतकं, आठवड्यातून तीन ते पाच दिवस आणि महिनोन्‌महिने. माझं दुसरं म्हणणं असं, की हे काम एकट्या घराच्यानं रेटत नाही. त्यात गावानं आणि आपल्या कारखान्यानं लक्ष घालायला हवं.

बाजेवर काय होतं

लकवा हा हातापायाचा रोग वाटतो, पण घाव बसलेला असतो मेंदूला. मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीनं तुंबते किंवा फुटते. बहुतेक वेळा तुंबतेच. चारी गाळानं तुंबली किंवा फुटली, तर टेलच्या रानाला पाणी पोचत नाही, तसंच हे. ज्या भागाला रक्त पोचलं नाही तो भाग वाळतो, आणि त्या भागाच्या ताब्यात असलेला हात, पाय किंवा जीभ लुळी पडते.

इथवर आपल्याला ठाऊक असतं. पुढचं मात्र सहसा कुणी सांगत नाही. पाय लुळा, म्हणून माणूस पडून राहतो. पडून राहिला की लुळ्या बाजूचे स्नायू तर झडतातच, पण चांगल्या बाजूचेही झडतात. हृदयाची आणि फुप्फुसांची ताकद उतरते. ही ताकद मोजता येते. व्यायाम करताना माणूस जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतो, हे यंत्रानं मोजतात. लकवा होऊन गेलेल्यांत हा आकडा त्याच वयाच्या निरोगी माणसापेक्षा बराच कमी, अनेकांत निम्म्याच्या आसपास भरतो.

आता दुसरी बाजू बघा. लुळा पाय ओढत, तोल सांभाळत चालायला निरोगी माणसाच्या मानानं दीडपट, कधी दुपटीपर्यंत ताकद खर्ची पडते. म्हणजे आवक निम्म्यावर आली आणि खर्च दुप्पट झाला. असा प्रपंच किती दिवस चालेल? चार पावलं टाकली की तो दमतो. दमतो म्हणून बसतो. बसून राहिला म्हणून उद्या तीनच पावलांत दमतो. घरच्यांना वाटतं, पायात बळ नाही. पुष्कळदा पायात थोडंफार बळ आलेलं असतं, पण दम पुरत नाही. आणि दम चोळून येत नसतो. तेल चोळताना व्यायाम होतो तो चोळणाऱ्याचा!

दमाचा व्यायाम म्हणजे कोणता

डॉक्टर लोक ज्याला एरोबिक व्यायाम म्हणतात, त्याला आपण दमाचा व्यायाम म्हणू. पायासारखे मोठे स्नायू एका लयीत, न थांबता, काही मिनिटं हलत राहायचे. श्वास वाढायचा, नाडी वाढायची, अंगाला थोडा घाम सुटायचा. चालणं हा त्यातला सर्वांत सोपा प्रकार. ज्याचा तोल जात नाही त्यानं चालावं. ज्याचा तोल जातो त्यानं पाठीला टेका असलेल्या, जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलीवर पायडल मारावं. ज्याला उभंच राहता येत नाही, त्यालाही बसल्या जागी पायडल मारता येतं. खुर्चीवरून आधारानं उठणं-बसणं पुन्हा पुन्हा करणं हाही व्यायामच. बोटांची उघडमीट, चेंडू दाबणं हे हातासाठी हवंच, ते सोडू नये. पण त्यानं दम वाढत नाही.

किती करावं, याचंही माप ठरलेलं आहे. अमेरिकेतल्या हृदयरोग व लकव्याच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ साली जो सल्ला छापला, त्यात आठवड्यातून ३ ते ५ दिवस, दर वेळी २० ते ६० मिनिटं असं सांगितलं आहे. एका दमात होत नसेल तर दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या करून दिवसाचा हिशेब पुरा करावा. आधी आणि शेवटी ५ ते १० मिनिटं सावकाश चालावं. बांधावर बसलेल्या बैलाला उठवून एकदम पळवत नाहीत, आणि पळून आलेल्याला एकदम दावणीला बांधत नाहीत.

जोर किती लावावा? सोपी खूण अशी, की चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणता येऊ नये. आरामात अभंग म्हणता येत असेल तर चाल ढिली आहे. दोन शब्द बोलतानाही धाप लागत असेल तर जोर जास्त झाला. नाडी मोजूनही हे ठरवतात. पण रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या अशा असतात, की त्यांनी नाडी वाढूच देत नाहीत. अशा माणसाला नाडीचा आकडा फसवतो, बोलण्याची खूण फसवत नाही.

काट्यावर चढवून पाहिलेलं

आपण शेतकरी माणसं. उसाचं वजन काट्यावर झाल्याशिवाय आपण बिल मान्य करत नाही. तेव्हा या चालण्याचंही वजन कुणी केलं आहे का, हे विचारलंच पाहिजे.

केलं आहे. निरनिराळ्या देशांतले प्रयोग एकत्र करून त्यांची छाननी करणारी कॉक्रेन नावाची जाणकारांची संस्था आहे. २०२० साली त्यांनी लकव्यानंतरच्या व्यायामाच्या ७५ प्रयोगांचा हिशेब मांडला. त्यात दमाचा व्यायाम करणाऱ्यांचा दम वाढला, चालण्याचा वेग वाढला, तोल सुधारला, आणि दुसऱ्यावर अवलंबून राहणंही कमी झालं. सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो, अशी एक साधी परीक्षा असते. त्या परीक्षेत व्यायाम करणारे इतरांपेक्षा सरासरी सुमारे ३३ मीटर पुढं गेले. ३३ मीटर ऐकायला थोडे वाटतात. पण जो सहा मिनिटांत २०० मीटर चालत होता, त्याला ही सहाव्या हिश्शाची वाढ झाली. एकरी उतारा सहाव्या हिश्शानं वाढला तर आपण गावभर सांगत फिरू! मात्र हेही सांगायला हवं, की या प्रयोगांतले बहुतेक रोगी थोडंफार चालू शकणारे होते. पार अंथरुणाला खिळलेल्याला हाच आकडा लावू नये.

"सहा महिन्यांत आलं ते आलं, पुढं काही येत नाही," असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. २०२३ साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातल्या ५५ जणांना लकवा होऊन सहा महिने ते पाच वर्षं झाली होती. त्यांतल्या ज्यांना तज्ज्ञांच्या नजरेखाली थोडा वेळ जोरात, थोडा वेळ विसावा, असं चालवलं, ते सहा मिनिटांच्या चालीत ४ आठवड्यांनी सरासरी २७ मीटर पुढं गेले, आणि १२ आठवड्यांनी ७१ मीटर. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. एक, सहा महिने उलटले म्हणून दार बंद होत नाही. दुसरी, महिनाभरात "काही फरक नाही" म्हणून सोडून देणारा माणूस ऐन फुटव्यात पाणी तोडतो. मात्र तसं जोरात चालवणं तपासणी केल्यावर आणि जाणत्याच्या देखरेखीखालीच व्हावं. घरी आपण मध्यम चालच धरावी.

यासाठी लाखाची यंत्रं लागतात का? त्याचंही उत्तर २०११ साली मिळालं आहे. अमेरिकेत ४०८ रोग्यांवर एक मोठा प्रयोग झाला. काहींना पट्ट्यांनी वर तोलून धरून फिरत्या पट्ट्याच्या यंत्रावर चालवलं. काहींना फिजिओथेरपिस्टनं घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम करवले. दोन्हीकडं ३६ पाळ्या, १२ ते १६ आठवडे. वर्षानं पाहिलं तर एकूण ५२ टक्के लोकांचं चालणं वरच्या पायरीवर गेलं होतं, आणि यंत्रवाल्यांत व घरवाल्यांत फरक निघाला नाही. म्हणजे मोठ्या यंत्रावाचून काही अडत नाही. जाणता माणूस आणि नेम असला की झालं.

घाई नको आणि हयगयही नको

आता उलट बाजूही मांडतो. ती झाकून ठेवली तर हा लेख जाहिरात ठरेल.

२०१५ साली पाच देशांतल्या २,१०४ रोग्यांवरचा प्रयोग छापला गेला. लकवा झाल्यापासून २४ तासांच्या आत रोग्याला जास्त जास्त वेळा उठवून उभं केलं, तर लवकर बरं वाटेल, अशी कल्पना होती. निघालं उलटं. नेहमीच्या बेताच्या उठवण्यानं जास्त लोक सावरले. २०१९ साली जर्मनीतल्या २०० रोग्यांवरच्या प्रयोगात पहिल्या काही आठवड्यांतच यंत्रावर दमाचा व्यायाम दिला. त्यानं चालण्याचा वेग जास्त वाढला नाही आणि पडण्यासारखे अपघात मात्र वाढले. तेव्हा लागण झाल्या झाल्या मोठी बांधणी करू नये, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पहिले दिवस डॉक्टर सांगतील तेवढंच करावं. अंग स्थिर झालं, रक्तदाब ताब्यात आला, डॉक्टरांनी हो म्हटलं, की मग नेमानं सुरुवात करावी.

आपल्या देशातलाही एक मोठा प्रयोग आहे आणि तो आपल्याला फार विचार करायला लावणारा आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रोगी घेतले. निम्म्यांच्या घरातल्या एका माणसाला शिकवून घरच्या घरी सेवा आणि व्यायाम करायला सांगितलं. २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्हीकडं सारखेच, शंभरात ४७. याचा अर्थ घरच्यांनी काही करू नये असा नव्हे. मी त्याचा अर्थ असा लावतो, की सगळा भार सुनेच्या नाहीतर लेकाच्या डोक्यावर टाकून, चार गोष्टी शिकवून, आपण मोकळं होता येत नाही. जाणत्या माणसाची नजर, ठरलेलं माप आणि बरोबरीची माणसं ही मागं लागतातच. म्हणूनच हा प्रश्न मी घरापुरता न ठेवता सभासदांपुढं आणतो आहे.

मनातली भीती

पहिली भीती, "पडला म्हणजे?" भीती खरी आहे. लकवा झालेली माणसं पडतात. पण बाजेवर राहून तोल सुधारत नाही, उलट जातो. त्यावर उपाय आहेत. सोबत माणूस असावा आणि तो लुळ्या बाजूला असावा. लुळा हात धरून कधीही ओढू नये, त्यानं खांदा निखळतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरावा. पाऊल लोंबत असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारून आधाराचा पट्टा घालावा. चप्पल सुटी नको, मागं बंद असलेली पादत्राणं असावीत. वाट सपाट असावी. दगड-धोंडे, पाटाचं पाणी, मोकाट कुत्री असलेली वाट टाळावी.

दुसरी भीती, "दम लागला आणि दुसरा झटका आला म्हणजे?" अमेरिकेतली आकडेवारी सांगते, की लकव्याच्या दर चार झटक्यांत जवळपास एक झटका पूर्वी येऊन गेलेल्यालाच आलेला असतो. म्हणजे दुसऱ्या झटक्याची धास्ती बाजेवरही आहेच. बेतानं केलेला नियमित व्यायाम रक्तदाब आणि रक्तातली साखर ताब्यात ठेवायला मदत करतो, म्हणून तो आपल्या बाजूचा आहे. मात्र सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून हृदय आणि रक्तदाब तपासून घ्यावा. चालताना छातीत दुखलं, घेरी आली, भलतीच धाप लागली, तर तिथंच थांबून डॉक्टर गाठावा. मधुमेहाची सुई किंवा गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी चालू नये, आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. ती आपल्याकडं कमी नाही!

आणि हे प्रत्येकानं पाठ करावं: तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोबडी वळली, यांतलं काहीही अचानक दिसलं, तर तेल, कांदा, अंगारा करत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि मोठा दवाखाना गाठावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच उपयोगी पडतं, आणि ते कुणाला द्यायचं हे मेंदूचा फोटो काढल्यावरच ठरतं. म्हणून तासभर जरी वाया गेला तरी तो परत मिळत नाही.

तिसरी गोष्ट भीतीहून वाईट आहे, ती म्हणजे लाज. "गावातनं पाय ओढत चाललो तर लोक काय म्हणतील?" ज्यानं उभ्या आयुष्यात कुणापुढं मान वाकवली नाही, त्याला ही लाज फार जाळते. आणि घरच्या बाईच्या बाबतीत तर विचारूच नका. लकवा काही गडी माणूस बघून येत नाही. पण पुरुषाला निदान पारापर्यंत नेतात, बाईला मात्र आतल्या खोलीत ठेवतात. "बाईमाणूस अशी रस्त्यानं फिरली तर कसं दिसेल," म्हणतात. ज्या माउलीनं जन्मभर आपल्या वैरणीचे भारे वाहिले, तिला दिवसातून अर्धा तास चालायला आपल्या गावात जागा नसावी, ही लाजेची गोष्ट आपली आहे, तिची नव्हे.

कारखान्यानं काय करावं

मा. चेअरमन साहेब आणि संचालक मंडळापुढं माझी मागणी साधी आहे.

पहिली गोष्ट नोंद. आपल्या शेतकी खात्याकडं प्रत्येक प्लॉटची नोंद असते. लागणीची तारीख, जात, क्षेत्र, सगळं कागदावर असतं. ऊस कुठं उभा आहे हे आपल्याला कळतं, पण ऊस लावणारा कुठं आडवा पडला आहे हे कळत नाही. प्रत्येक गटात लकवा झालेली किती माणसं आहेत, याची त्यांच्या संमतीनं यादी व्हावी.

दुसरी गोष्ट जागा. प्रत्येक गट कार्यालयाच्या आवारात शंभर फूट लांब, सपाट, घसरणार नाही अशी वाट करावी. एका बाजूनं धरायला लोखंडी पाइप, दोन्ही टोकांना बाकडं, वर सावली. एवढ्यात सहा मिनिटांच्या चालीची परीक्षाही होते आणि सरावही होतो. जोडीला जागच्या जागी फिरणाऱ्या एक-दोन सायकली ठेवाव्यात. कारखान्याच्या वर्कशॉपला पाइप वाकवणं काही नवं नाही.

तिसरी गोष्ट जाणता माणूस. आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपिस्ट यावा, आणि त्यानं प्रत्येकाचं माप ठरवून द्यावं. साखरपट्ट्यातच, लोणीला आणि कराडला, फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत. अशा कॉलेजांशी बोलणी करावीत. शिकणाऱ्या मुलांना अनुभव मिळेल, आपल्या माणसांना उपचार मिळतील.

चौथी गोष्ट, ही वाट फक्त शेअर असलेल्यांसाठी नसावी. गव्हाणीत ऊस पडतो तो तोडणी मजुराच्या कोयत्यानं पडतो. हंगामात त्याच्या किंवा त्याच्या बाईच्या अंगावरून वारं गेलं, तर पालात पडून राहण्यावाचून त्याला गत नसते. त्यालाही या वाटेवर जागा असावी, कारखान्याच्या कामगारालाही असावी.

पाचवी गोष्ट हिशेब. आलेल्या प्रत्येकाचं एक कार्ड असावं. पहिल्या दिवशी सहा मिनिटांत किती मीटर, चार आठवड्यांनी किती, बारा आठवड्यांनी किती. वार्षिक अहवालात गाळप आणि उतारा छापतो, त्याच पानाखाली हाही उतारा छापावा. काम झालं की नाही हे आकडाच सांगेल, भाषणाची गरज नाही.

कुणी म्हणेल, कारखान्याचं काम साखर काढायचं, दवाखाना चालवायचं नव्हे. आज दराची ओढाताण, कर्जाचं व्याज, त्यात हे कुठं? प्रश्न रास्त आहे. पण १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेच्या काठी सहकारी कारखान्याची धुराडी पेटली, ती एकट्या साखरेसाठी नव्हती. शेतकरी आपल्या पायावर उभा राहावा, हा त्यामागचा हेतू होता. पुढं कारखान्यांच्या आधारानं शाळा निघाल्या, कॉलेजं निघाली, दवाखाने निघाले. आपल्या भागात नेत्रशिबिरं होतात, रक्तदान होतं, ते चांगलंच आहे. पण ती एका दिवसात उरकतात, फोटो निघतो. ही वाट वर्षभर रोज चालायची आहे, म्हणून ती कुणाला सुचत नाही.

आणि नुसता व्यवहार बघायचा तरी बघा. घरातला एक माणूस बाजेवर पडला की दुसरा माणूस बाजेपाशी बांधला जातो. दोन माणसांची मेहनत गेली की रान खंडानं द्यावं लागतं. खंडाचं रान हळूहळू आपलं राहत नाही. तो माणूस पुन्हा शेतातली सगळी कामं करील, असं मी म्हणत नाही. पण तो स्वतः संडासला जाऊन आला, स्वतः पारावर येऊन बसला, बांधावर उभा राहून पाणी कुठं पोचलं हे सांगू शकला, तरी त्या घरातला दुसरा माणूस सुटतो. घर सावरायला तेवढं पुष्कळ असतं.

खोडव्याचं आपण काय करतो ते आठवा. ऊस तुटला की रान ओसाड दिसतं. आळशी शेतकरी म्हणतो, "आता येईल तेवढं येईल," आणि पाठ फिरवतो. जाणता शेतकरी पाचट सरीत दाबतो, बुडखे जमिनीलगत छाटतो, वेळेवर खत-पाणी देतो, आणि लागणीच्या जवळपास पीक घेतो. खोडवा लागणीइतका येईलच असं नाही. पण दुर्लक्ष केलेल्या खोडव्यात आणि निगा केलेल्या खोडव्यात किती टनांचा फरक पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. माणसाचंही तसंच समजा.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढं मांडायचे प्रश्न आणि सूचना लेखी द्याव्या लागतात. प्रत्येक गावातून एक-एक अर्ज जावा: "आमच्या गटाला शंभर फुटांची चालायची वाट आणि आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपिस्ट मिळावा." अर्जावर ज्याच्या अंगावरून वारं गेलं आहे त्याची सही किंवा अंगठा घ्यावा. तो डाव्या हातानं केलेला, वाकडा-तिकडा असला तरी चालेल.

आणि सभेची वाट बघत थांबू नका. उद्या सकाळी त्याच्या घरी जा, डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली आहे का ते विचारा. दिली असेल तर म्हणा, "चला दादा, पारापर्यंत जाऊन येऊ." पहिल्या दिवशी दहा पावलं झाली तरी हरकत नाही. ती मोजून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद